टेबलावरची एकतीस पानं

लघुलेखकांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला, की संगणकाचे काढून ठेवलेले चारही स्क्रू घरंगळत फरशीवर गेले.

"एकतीस पानं! कुठं गेली माझी एकतीस पानं?"

दुरुस्तीवाली खाली वाकून स्क्रू गोळा करत होती. "काका, बंद करण्याआधी मी विचारलं होतं, सगळं सेव्ह केलंय ना? तुम्हीच म्हणालात, सगळं आतच आहे."

"होतंच आत! समोर दिसत होतं. मेमरी कमी पडतेय म्हणून तुला बोलावलं. तू ती दुप्पट केलीस आणि होतं नव्हतं तेही घालवलंस. वर मलाच विचारतेस? चोराच्या उलट्या बोंबा!"

पलीकडच्या खोलीत त्यांची बायको पडून होती. सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तीन आठवडे ती रोज थोडं थोडं आपलं आयुष्य सांगत होती आणि ते टाइप करत होते. चाळीस वर्षं त्यांनी कोर्टात लोकांची बोलणी उतरवून घेतली होती. तिथे टाइपरायटरची कळ आपटली की अक्षर उमटायचं, मग ते कुणाच्या बापालाही पुसता येत नसे. उमटलेलं अक्षर पुन्हा वेगळं ठेवावं लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तीन आठवड्यांत संगणक त्यांनी एकदाही बंद केला नव्हता.

"मेमरी म्हणजे हे टेबल समजा," दुरुस्तीवाली म्हणाली. "मी टेबल मोठं केलं. पण वीज बंद झाली की टेबल रिकामं होतं. कायमचं ठेवायची जागा वेगळी असते, कपाटासारखी. त्या कपाटात तुमचं एकही पान नाही."

"ज्याच्या काही लक्षातच राहत नाही, त्याला मेमरी म्हणता? कुठल्या शहाण्यानं ठेवलं हे नाव?"

"मी तर नाही ठेवलं, काका."

कपाटात ठेवण्यासाठी कोणत्या कळा दाबायच्या, ते तिनं दोनदा दाखवलं आणि ती गेली. लघुलेखक बायकोच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं..."

"ऐकलं सगळं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "घसा गेलाय माझा, कान नाही."

"चार दिवस उरलेत. एवढं सगळं पुन्हा कसं..."

"गेलं ते बरंच झालं. नातवंडं वाचतील म्हणून गोड गोडच सांगत होते मी. बसा आता."

ते टेबलाशी बसले. दार उघडं होतं. तिला तिथून त्यांची पाठ दिसायची, संगणकाचा पडदा नाही. तिनं पाण्याचा घोट घेतला.

"लिहा. धाकटीच्या वेळी मी सहा दिवस दवाखान्यात होते. जगते की मरते, अशी गत होती. हे एकदाही फिरकले नाहीत. कोर्टात तारखा होत्या म्हणे. मी ते अजून माफ केलेलं नाही."

कळा वाजत राहिल्या, शेवटच्या वाक्याला अडखळल्या, मग पुऱ्या झाल्या.

"झालं?"

"झालं."

त्यांनी पाचही वाक्यं वाचली. टेबलाखाली संगणकाची वायर त्यांच्या पायाला लागत होती. नुसता एक हिसका, आणि टेबल पुन्हा रिकामं झालं असतं. दोष यंत्राचाच ठरला असता.

त्यांनी पाय मागे घेतला आणि दुरुस्तीवालीनं दाखवलेल्या कळा दाबल्या.

"ठेवलं," ते म्हणाले. "पुढचं सांग."