अस्वल पडतं तेव्हा

आमच्या बास्केटबॉल संघाला पंचवीस वर्षं झाली म्हणून एक पुस्तिका निघाली. तिच्या चौथ्या पानावर माझ्याबद्दल धादांत खोटं छापलंय, आणि ते मीच सांगितलंय.

मी संघाचा मॅस्कॉट आहे. म्हणजे अस्वलाच्या आतला माणूस. टाइम-आउट झाला की खेळाडू पाणी पितात आणि मी पंचांची नक्कल करतो, पुढच्या रांगेतली टकलं पुसतो, हरत असलो तर लोकांना उठून जाऊ देत नाही. पण लोक खरे थांबतात ते पडण्यासाठी. अस्वल छातीवर पंजा ठेवतं, दोन झोकांड्या खातं आणि धाडकन आडवं होतं. सगळं स्टेडियम दहापर्यंत मोजतं. दहाला मी उठलो की लोक छप्पर डोक्यावर घेतात. पुस्तिकेत लिहिलंय, ‘ही कल्पना सध्याच्या अस्वलाची.’ विचारणाऱ्याला दुसरं सांगणार तरी काय होतो?

पहिलं अस्वल दादा. सख्खा नव्हे, पण सख्ख्याहून जवळचा. तो मैदानाची फरशी पुसायचा. पहिल्या वर्षी संघ ओळीनं नऊ सामने हरला, तेव्हा हा बाबा जुना गालिचा अंगावर शिवून प्रेक्षकांत घुसला. पुढच्या सामन्याला लोक अस्वल बघायला आले, खेळ आपला तोंडी लावायला. पुढे रीतसर पोशाख आला. त्याच्या मुंडक्यातून धड दिसायचं नाही, म्हणून कोपराला धरून चालायला मला नेमलं.

बारा वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात दादानं छातीवर पंजा ठेवला. मला वाटलं, नवीन सोंग. तो पडला, लोक हसले. आणि मी काय केलं, तर शेजारी गुडघे टेकून हात वर केला आणि मोजायला लागलो. लोकांनी सूर धरला. दहा झाले तरी तो उठेना, म्हणून मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मग आणखी एकदा. मुंडकं काढलं ते त्यानंतर.

दादा वाचला, पण हृदय अधू झालं. जिना चढवेना, काम सुटलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळायला हवं होतं. मी वहिनींना सांगितलं, पडल्यापडल्या मुंडकं काढलं. पुढच्या मोसमात पोशाख माझ्या अंगावर आला आणि लोकांनीच ओरडून पडणं मागितलं. मी पडलो. तेव्हापासून पडतोच आहे.

दर रविवारी मी दादाकडे जातो. त्याची दाढी करून देतो, पत्त्यांत हरतो. वहिनी म्हणतात, असा दीर मिळायला नशीब लागतं. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वर्धापनदिनाच्या सामन्याला दादाला पाहुणा म्हणून बोलावलं. बारा वर्षांत तो स्टेडियममध्ये फिरकला नव्हता. त्याच्यासमोर तेच सोंग करायचं? त्याला पहिल्या रांगेत बसवून वहिनी मला भेटायला कपडे बदलायच्या खोलीत आल्या. मी कमरेपर्यंत अस्वल होतो.

"वहिनी, त्या दिवशी मी लगेच मुंडकं काढलं नव्हतं. तीनदा दहा मोजले. लोक हसत होते म्हणून."

वहिनी बाकावर बसल्या. "माहीत आहे भावजी. यांना सगळं ऐकू येत होतं. सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच होता म्हणाले."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मी बोलणार होते. फाडफाड बोलणार होते. यांनीच अडवलं. म्हणाले, आपल्याला माहीत आहे हे त्याला कळलं की तो तोंड लपवेल, यायचा बंद होईल. मग आपल्याकडे येतं कोण?"

मला वाटत होतं, रविवारी जाऊन मी पाप धुतोय. आणि तो बिचारा मी यावं म्हणून तोंडातून चकार शब्द काढत नव्हता.

टाइम-आउटचा भोंगा वाजला. वहिनींना बाकावरच सोडून मी मुंडकं चढवलं आणि मैदानात आलो. लोक "पड, पड" ओरडायला लागले. मी पडलो नाही. हुर्यो उडाली, वरून कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. मी सरळ पहिल्या रांगेत गेलो आणि दादाच्या शेजारी, वहिनींच्या रिकाम्या खुर्चीत बसलो.

दादानं माझ्याकडे पाहिलं. वहिनी अजून आतच आहेत, म्हणजे त्या मला सगळं बोलल्या, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं माझा पंजा घट्ट धरला आणि तोंड मुंडक्याजवळ आणलं.

"रविवारी येशील ना रे?"