बॉनेटवरची टेप

आमच्या रक्तपेढीचा कॉम्प्युटर जळगावला, आणि तो बंद पडला तर काम सांभाळायला ठेवलेला दुसरा धुळ्यात, माझ्यासमोर. जळगावला रोज रक्तदात्यांची सगळी माहिती एका टेपवर उतरवायचे. दुसऱ्या दिवशी एसटीने ती टेप धुळ्याला यायची आणि मी कपाटात ठेवायचो. त्याच त्या टेप आलटून पालटून वापरायच्या. वेळ पडली की टेपवरची माहिती माझ्या मशीनवर चढवायची. एकदा चढवून तरी बघू या, असं मी आमचे प्रमुख डॉक्टर खैरनार यांना कितीदा म्हणालो. आग लागली नसताना बंब कशाला बाहेर काढायचा, म्हणाले. कॉम्प्युटर आला म्हणून दात्यांची जुनी कार्डं रद्दीत घालणारेही हेच शहाणे.

टेप आणायचे ड्रायव्हर चुडामणभाऊ. एकदा मी त्यांना सांगितलं होतं, डब्यात रक्त देणाऱ्यांची नावं आहेत. तेव्हापासून ते डबा दोन्ही हातांनी द्यायचे. मे महिन्यात डबा गरम लागायचा. धुळ्याच्या उन्हात गार काय लागतं, असं म्हणून मी तो कपाटात टाकायचो.

त्या दिवशी सकाळीच जळगावचा फोन आला. तिथली डिस्क गेली होती, आता भिस्त माझ्या मशीनवर. मी टेप शोधतोय तोवर चुडामणभाऊच दारात. त्यांची लेक रत्ना बाळंतपणाला दवाखान्यात होती. मुलगा झाला, पण रक्त थांबत नव्हतं. बी निगेटिव्ह हवं होतं आणि गावात कुठेच शिल्लक नव्हतं.

"नावं तुमनाजोडे शेत ना, भाऊ?" ते म्हणाले.

आहेत, म्हणालो. खात्रीनं म्हणालो. आदल्या दिवशीची टेप लावली. मशीन घरघरलं आणि वाचता येत नाही म्हणून थांबलं. त्याच्या आदल्या दिवशीची लावली, तेच. मग कपाटच रिकामं केलं. प्रत्येक टेपला तेच उत्तर, आणि पाठीमागे हा माणूस टोपी हातात घेऊन उभा. मला इतका संताप आला की मी एक टेप टेबलावर आपटली. तिचं झाकण निघालं. आतली पट्टी उन्हात घातलेल्या पापडासारखी कडेला वळली होती.

"गाडीत कुठे ठेवता ही?" मी विचारलं.

"बॉनेटवर. मना शेजारे. मांगे सामानम्हा कधीच टाकी नही."

इंजिनवरच्या त्या पत्र्यावर चहाचा ग्लासही गार होत नाही. जळगाव ते धुळे, रोज. मी फोनवर बसलो, कॉलेजात गेलो, तालमीत गेलो, मिळतील ती पोरं दवाखान्यात नेली. ज्याचं जुळलं तो पोहोचला तेव्हा रत्नाच्या अंगावर चादर ओढली होती.

आता टेप थर्माकोलच्या पेटीत, एक माणूस सोबत देऊन येते. आणि आम्ही ती रोज चढवून बघतो. खैरनारांना आता बंब आठवतो.

दिवस-कार्य उरकून चुडामणभाऊ ड्यूटीवर आले आणि स्टँडवर त्यांनी ती पेटी पाहिली. माझ्याजवळ आले.

"मनं काई चुकनं का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "मशीनच खराब होतं."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केले. "मंग मनाजोडेच द्या ना. कोनी पोर वाची जाई."

त्या हातांना नाही म्हणणं मला जमलं नाही. मी जळगावला फोन करून सांगितलं. आता तिथून त्यांना रोज एक कोरी टेप देतात. ते ती बॉनेटवर ठेवून आणतात, स्टँडवर माझ्यापुढे दोन्ही हात करतात. मीही ती दोन्ही हातांनी घेतो. अजून गरम असते.