साहेब झालेला हत्ती

मी कापडी हत्ती बोलतोय. आकारानं हत्ती, पण काळीज सशाचं. दार वाजलं की माझ्या पोटातल्या कापसाचा गोळा होतो. हसा खुशाल, पण ऐकून घ्या.

वकीलबाईंच्या आईनं मला जुन्या निळ्या पडद्यातून शिवलं. एक कान मोठा, एक लहान. घाईची शिवण अशीच व्हायची. वकीलबाईंकडे घटस्फोटाचे आणि मुलांच्या ताब्याचे खटले येत. मोठी माणसं आत तावातावानं बोलत आणि पोरं बाहेर बाकावर नखं खात बसत. त्यांच्या हातात द्यायला म्हणून मी. कितीजणांनी माझी सोंड चोखली, शेपटी पिरगाळली! मला ते आवडायचं. भित्र्या पोरांना सोबतीही भित्राच बरा पडतो.

वकीलबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. सुरुवातीला त्या मला टेबलामागच्या उंच खुर्चीवर बसवून मुलांना म्हणत, "हे बघ आपले जजसाहेब. यांना नमस्कार कर. घाबरायचं काही नाही." मुलं खुदकन हसत. बस्स, तेवढंच. मग एका खटल्यात एक पोर न्यायाधीशांपुढे तोंडच उघडेना आणि बाई हरल्या. तेव्हापासून नमस्कारामागून प्रश्न आले आणि प्रश्नांमागून बाईंनी शिकवलेली उत्तरंही आली. मी खुर्चीवर बसून ऐकत असे.

अशातच ठमी आली. पहिलीतली पोर, पुढचे दोन दात पडलेले. आईबाप वेगळे झालेले, आणि ठमी कुणाजवळ राहणार हे कोर्ट ठरवणार होतं. बाप रागीट. भांडी आपटायचा, ठमीच्या आईवर हात उगारायचा. हे सगळं खरं होतं, शेजाऱ्यांनीही ऐकलं होतं. ठमीला मात्र त्यानं कधी टिचकीसुद्धा मारली नव्हती.

"एवढ्यानं भागायचं नाही," वकीलबाई ठमीच्या आईला म्हणाल्या. "मुलीला काही केलंय का त्यांनी? कोंडून वगैरे ठेवलंय?"

"नाही हो. तिच्यावर जीव आहे त्यांचा."

"आज नाही, उद्या करतील. समोरचे वकील काय गप्प बसणार आहेत? तुम्हाला मुलगी हवीय ना?"

आई हातातला रुमाल पिळत राहिली. नाही म्हण गं बाई, मी मनातल्या मनात ओरडत होतो. तिनं हळूच मान डोलावली.

झालं, तालमी सुरू झाल्या. वकीलबाई स्वतःचा काळा कोट माझ्या खांद्यांवर टाकत आणि म्हणत, "हं ठमी, साहेबांना सांग." ठमी हात जोडून सांगायची. चुकली की तिच्या आईचे डोळे भरून यायचे, आणि पोर घाईघाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. माझ्याकडे बघताना तिचा आवाज बारीक होत चालला होता. मला दरदरून घाम फुटला असता, पण कापसाला घाम कुठून येणार?

"आता हत्ती गेला, शेपूट राहिलं," शेवटच्या तालमीनंतर वकीलबाई मला थोपटत म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. वर ठमीला बजावलं, "याला बरोबर घेऊन जा हं, म्हणजे भीती वाटणार नाही."

न्यायाधीश मुलांशी आपल्या खोलीत एकट्यानं बोलत. मुलं बिचकू नयेत म्हणून ते कोट काढून ठेवायचे. साधा शर्ट, पिकलेल्या मिशा, हातात पाण्याचा पेला. ठमीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, हे कुणीतरी आजोबा. तिनं खोलीभर नजर फिरवली, एक रिकामी खुर्ची शोधली, मला तिच्यावर नीट बसवलं आणि माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. मला कळून चुकलं.

"साहेब, मला आईजवळ राहायचंय. बाबांनी मला बाथरूममध्ये कोंडलं. दिवा बंद केला. मी खूप रडले. नाही साहेब, मला कुणी शिकवलं नाही."

न्यायाधीशांनी अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी पेला खाली ठेवला.

"बाळा, हा कोण?"

"जजसाहेब. वकीलकाकूंकडे रोज असतात. बरोबर सांगितलं की आई रडत नाही." मग तिनं घाबरून विचारलं, "चुकलं का माझं?"

"नाही गं राणी. तुझं काहीच चुकलं नाही."

ठमीला बाहेर पाठवून त्यांनी दोन्ही वकिलांना आत बोलावलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं. अगदी हळू म्हणाले, "बाई, तुमच्या अशिलाची भांड्यांची, मारहाणीची तक्रार खरीही असेल. पण आता मी कशावर विश्वास ठेवू?" वकीलबाईंनी मला खुर्चीवरून उचललं आणि बाहेर आणून बाकावर ठेवलं.

निकाल लागेपर्यंत ठमी आजीकडे राहणार, असं ठरलं. आईनं दाराशीच वकीलबाईंना गाठलं. "माझं खरं होतं ना हो? मग तेवढंच का नाही सांगितलंत?" असं म्हणाली आणि मटकन बाकावर बसली. खरं तर नाही म्हणायचं धैर्य तिलाही झालं नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं.

ठमीला न्यायला आलेल्या आजीनं निघताना मला उचलून तिच्यापुढे धरलं. "घे गं, तुझा हत्ती."

ठमी तिच्या मागे लपली. "नको. तो परत विचारेल."

सध्या मी वकीलबाईंच्या कपाटावर, भिंतीकडे तोंड करून बसलेला आहे. बाईंवर चौकशी बसलीय म्हणतात. खाली मुलं येतात, त्यांचे आवाज ऐकू येतात, आणि बाईंची पावलं कपाटाकडे वळली की माझे टाके ताणले जातात. मला कुणी उसवा, माझा कापूस एखाद्या उशीत भरा, माझ्या कापडाची फडकी करा. हात जोडायला सोंडेशिवाय काही नाही, तीच जोडतो. पण पुन्हा कुठल्या पोराला माझ्यासमोर उभं करून "सांग" म्हणू नका. मला फार भीती वाटते हो, आणि ठमीला माझी.