जिन्नांच्या दारातला नान

तंदूरातला शेवटचा नान काढताना मोहिनिसोला बुलडोझरची घरघर ऐकू आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावप्रमुख करोमातनं शेवटी आपला हट्ट पुरा करायचं ठरवलं होतं तर! लग्नाच्या हॉलचा पाया भरायला त्याला माती हवी होती, आणि अख्ख्या वख्श नदीच्या खोऱ्यात त्या शहाण्याला माती दिसली ती नेमकी टेकडीवरच्या जुन्या बौद्ध विहाराची.

विहार म्हणजे तरी काय, कच्च्या विटांच्या भिंती आणि मधोमध खचलेला स्तूप. कधीकाळी बल्खच्या वाटेनं येणारे व्यापारी आणि भिक्षू इथं मुक्कामाला उतरायचे. गाव या जागेला जिन्नांची, म्हणजे भुताखेतांची, टेकडी म्हणायचं आणि मोहिनिसोला जिन्नांची सून. तरुणपणी ती इथल्या खोदकामावर होती. तिच्या खुरप्याला मातीच्या मूर्तीचा एक तळहात लागला होता, बोटं शाबूत. तो राजधानीतल्या संग्रहालयात गेला, भिंती मागे राहिल्या. तेव्हापासून दर वसंतात पावसानं भिंती झिजल्या की ही बाई माती-भुसा कालवून त्या लिंपायची. कुणी लांबून हे अवशेष बघायला आलंच, तर तिथंच जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरून त्याला चहा-नान द्यायची. नवरा वारला, मुलं कामाला रशियात गेली ती तिकडचीच झाली. या भिंती गेल्या तर तिला आपलं म्हणायला काहीच उरणार नव्हतं.

गरम नान दस्तरखानात गुंडाळून ती तरातरा टेकडी चढली. बुलडोझर भिंतीला भिडलाच होता, एका कोपऱ्याचा लचका निघालेला. बघ्यांची गर्दी होतीच.

"आली बघा जिन्नांची सून!" करोमात म्हणाला. "अम्मा, घरी जा. काफरांची माती ही. हिच्यापायी कशाला जीव काढतेस?"

"काफरांची माती तुझ्या हॉलखाली बरी चालते रे? तिच्यावर निकाह लावणार आणि अक्कल मला शिकवणार!"

लोक खिदळले. करोमातचे कान लाल झाले. "होलिक, चालव रे!"

ड्रायव्हर होलिकनं खटका ओढायच्या आत मोहिनिसोनं बुलडोझरपुढे दस्तरखान पसरला आणि त्यावर नान मांडले. होलिकनं मशीनच बंद केलं.

"नानावर मी हे घालणार नाही, साहेब. आई मला घरात घ्यायची नाही."

"मग उचल ते!"

"जिनं मांडलेत तिनं उचलावेत."

करोमात स्वतःच तणतणत पुढे आला. मोहिनिसोनं तिथंच बसकण मारली. एक नान मोडला आणि तुकडा त्याच्यापुढे धरला.

"पाडायचंय ना? पाड. आधी दारातला नान चाख. का गावादेखत नानाला नाही म्हणतोस?"

नानाला नाही कुणी म्हणत नाही, वैरीसुद्धा नाही. करोमातनं एकदाची ब्याद टळावी म्हणून तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. दोन-चार वेळा चावला, आणि मग त्याचं तोंड थांबलं.

"कुणाच्या दारात खाल्लंस?" मोहिनिसोनं विचारलं.

"तुझं खाल्लं."

"मी इथं नुसती लिंपते. दार जिन्नांचं. पाहुणा झालास तू त्यांचा. आता मोज खाल्ल्या घरचे वासे! वासे कधीच पडले म्हणा, भिंती मोज."

या खेपेला कुणी हसलं नाही. गर्दीतले म्हातारे करोमातकडे बघत राहिले. खाल्ल्या मिठाला न जागणाऱ्याच्या हॉलमध्ये आपल्या पोरीचं लग्न लावायला यांतलं कोण येणार, हे त्यालाही कळत होतं. त्यानं घास गिळून होलिकला मशीन मागे घ्यायची खूण केली.

"उद्या दुसरा ड्रायव्हर आणतो," तो पुटपुटला.

"आण की! त्यालाही नान लागेलच," ती म्हणाली. "माझा तंदूर उद्याही पेटणार आहे."

बुलडोझर मागे सरकत टेकडी उतरला. मोहिनिसोनं बाह्या वर सारल्या आणि लचका निघालेल्या कोपऱ्यासाठी माती कालवायला घेतली.