योहानाचा श्वास

धर्मासाठी प्राण देण्यासारखं दुसरं भाग्य नाही, असं शरदचंद्र साळवे चर्चमध्ये उभं राहून सांगत. इंजेक्शन घ्यायचं असलं की मात्र ते बायकोला सोबत नेत आणि डोळे मिटून तिचा हात धरत.

स्नेहलतागंजातल्या त्या चर्चच्या कमिटीवर ते होते. त्याआधी मिलच्या सूतखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांना निदान चर्च उरलं. शेजारच्या कृष्णरावांना काहीच उरलं नाही. कृष्णराव मिलमध्ये फिटर, पण गावात त्यांची ओळख झांकीवाले म्हणून. अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या हलत्या-डुलत्या देखाव्यांच्या झांक्या निघतात, त्यात त्यांच्या मिलची झांकी हे करायचे. त्यांचा कुंभकर्ण झोपेत कूस बदलायचा आणि राजवाड्यासमोर लोक त्याला हाका मारून उठवायचे. आता मिल नाही, चंदा नाही. पुतळे शेडमध्ये तोंडं भिंतीकडे करून उभे.

“भाऊजी, यांना काहीतरी बिघडलेलं आणून द्या हो,” कृष्णरावांच्या इंदिराबाई एक दिवस म्हणाल्या. “सकाळपासून चांगला चालणारा पंखा खोलून बसलेत.”

शरदचंद्रांनी बारा प्रेषित आणून दिले. चर्चचा अमृतमहोत्सव होता. येशूचे बारा शिष्य कसकसे मेले याची झांकी करायची, असं त्यांनी कमिटीला न विचारता ठरवून टाकलं.

“सांग, कोण कसा गेला?” कृष्णरावांनी खडू घेतला.

“पेत्राला उलटा टांगून क्रुसावर दिला.”

“उलटा. हो जाएगा. पुढे?”

“याकोबाचं डोकं उडवलं. बर्थलमयाची कातडी सोलली. शिमोनाला करवतीनं कापला.”

“वा!” कृष्णराव कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसले. “करवतीला सायकलची चेन लावू. आणखी?”

“थोमाला भाला मारला. मद्रासला.”

“आपल्या मद्रासला? एवढ्या लांब आला बिचारा, आणि ये सिला दिया! आणि तो दगाबाज?”

“यहूदा? त्यानं गळफास घेतला.”

“त्याला नको घ्यायला. मॅनेजमेंटचा माणूस.”

मत्तयापाशी गाडी अडली. “कुणी म्हणतात तलवारीनं, कुणी म्हणतात जाळला,” शरदचंद्र म्हणाले. “बायबलात यहूदा सोडला तर फक्त याकोबाचं आहे. बाकी परंपरा.”

“आपल्या मिलचं तेच आहे, भिया. कुणी म्हणतं मशीनं जुनी होती, कुणी म्हणतं मालकानं मारली, कुणी म्हणतं दिल्लीहून हुकूम आला. मेली एवढं पक्कं.” खडू थांबला. “आणि हा योहान?”

“तो म्हातारा होऊन अंथरुणात गेला.”

“मग त्यात हलणार काय?” कृष्णरावांना तो सोबत्यांशी दगाफटका वाटला.

काम जोरात सुरू झालं. जुन्या झांकीतले कंसाचे पहारेकरी रोमन शिपाई झाले. मिशा तशाच राहिल्या. शेडमध्ये मोटरी घरघरू लागल्या आणि कृष्णराव घरी येऊन दोन्ही वेळा जेवू लागले. झांकी पाहायला पाद्री सुजय आले. ते तरुण होते, नगरकडून नुकतेच आलेले. कृष्णरावांनी बटण दाबलं. पेत्र उलटा झाला, याकोबाचं डोकं टुणकन् उडून परत बसलं, शिमोनावर करवत चालली आणि लाल पाण्याची पिचकारी पाद्र्यांच्या झग्यावर आली.

“हे… फारच जिवंत आहे,” पाद्री रुमाल शोधत म्हणाले. “पण बायका-मुलं येणार, साळवे. एखादा शांत नाही का?”

शांत एकच होता.

त्या दिवशी कृष्णराव ओट्यावर पकडीचा गंज खरवडत बसले. मग म्हणाले, “शरदभिया, एक म्हातारा खाटेवर पडलाय, ही काय झांकी आहे? पण तू जबान दिलीस, करतो. ही पडली तर अवजारं भंगारवाल्याला.”

“पडत कशी नाही बघू,” शरदचंद्र म्हणाले. त्यांना त्या पान्या-पकडींची चिंता नव्हती, ती धरणाऱ्या हातांची होती.

योहानाला फक्त श्वास द्यायचा होता. ट्रकच्या वायपरची मोटर लावली, तर तो दहा कोसांवरच्या बेटम्याहून पळत आल्यासारखा धापा टाकू लागला. दुपारी इंदिराबाई झोपल्या की कृष्णराव शेजारी बसून बघायचे.

“काय बघताय?” त्यांनी एकदा डोळे उघडले.

“श्वास.”

“इतकी वर्षं घेतेय. आज दिसला?”

समारंभाच्या संध्याकाळी हॉल भरला. मिलचे जुने लोकही आले. बाहेर भाड्याचा जनरेटर धडधडत होता. पडदा सरकला. खाटेवर पांढऱ्या दाढीचा योहान, आणि त्याची छाती इतकी सावकाश वर-खाली होत होती की पुढच्या रांगेतलं खोकणंसुद्धा बंद झालं. चर्चमधल्या सर्वांत म्हाताऱ्या बेबीमावशी उठल्या आणि त्यांनी त्याच्या पायांवर चादर ओढली.

पाद्री वचन वाचू लागले. छाती वर गेली, खाली आली आणि पुन्हा वर गेलीच नाही.

कृष्णरावांनी खिशातल्या पकडीला हात घातला. सगळे वाट पाहत राहिले.

“गेला,” बेबीमावशी हळूच म्हणाल्या.

कुणीतरी गाणं धरलं. मिलवाल्यांनी टोप्या काढून हात जोडले. पाद्र्यांनी पुस्तक मिटलं आणि खाली येऊन कृष्णरावांचे दोन्ही हात धरले. “कृष्णरावजी, मरण असंही दाखवता येतं, मला माहीत नव्हतं.”

कृष्णरावांनी तोंड उघडलं. शरदचंद्रांनी त्यांच्या पायावर पाय दिला. “चुप रे.”

“हा जाणार, हे मला आधी का नाही सांगितलंत?” इंदिराबाई डोळे पुसत म्हणाल्या.

कृष्णरावांनी घसा खाकरला. “नाताळला तुमच्यात गोठा असतो ना, भिया? त्यात बैल, उंट… हलणारे?”

“सगळे हलणारे,” शरदचंद्र म्हणाले.

लोक जेवायला गेल्यावर कृष्णरावांनी खाटेखाली वाकून पाहिलं. जनरेटरवर दिवे, पंखे आणि माइक होते. झांकीचा प्लग चर्चच्या विजेच्या लाइनवर होता, आणि ती रोजच्यासारखी सहाला गेली होती.