खडूने भरलेली अक्षरे

शिलालेखाचे छायाचित्र घेण्यापूर्वी अक्षरांच्या खाचांत खडू भरण्याची आमच्या शास्त्रात पद्धत आहे. दगड काळा, अक्षरे झिजलेली. ती उठून दिसावीत म्हणून अभ्यासक चिमटीत खडू धरून एकेक खाच पांढरी करीत जातो. पद्धत जुनी आहे, सोयीची आहे आणि तिच्यात एक दोष आहे. अभ्यासकाला जिथे अक्षर दिसते तिथेच खडू जातो. त्यानंतर काढलेले छायाचित्र म्हणजे अभ्यासकाच्या मताचे छायाचित्र. ही गोष्ट मी तीस वर्षे वर्गात शिकवली. परीक्षेत तिच्यावर पाच गुणांचा प्रश्नही घातला आहे.

लासूर स्टेशनपासून पाच किलोमीटरवर एक वस्ती आहे आणि वस्तीच्या कडेला बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर आहे. उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून दोनदा येतो. उरलेले दिवस धुणे, भांडी, जनावरे सारे बारवेवर. ‘बारव आमच्या पूर्वजांनी बांधली, ती खाजगी मालमत्ता आहे, आता आम्ही तिला दार बसवणार,’ असे गावातल्या एका बड्या घराण्याचे विश्वजीतराव यांनी गेल्या वर्षी जाहीर केले. वस्तीने हरकत घेतली. दोन्हीकडची माणसे कोर्टाला कंटाळलेली होती. ग्रामसभेत ठरले की बारवेच्या भिंतीतल्या देवळीत जो लेख कोरला आहे, तो म्हणेल तसे करायचे. ‘दगड म्हणेल ते,’ असे इतिवृत्तात लिहून सर्वांनी सह्या व अंगठे केले. दगडाच्या वतीने बोलायला मला बोलावण्यात आले.

मार्चमधल्या एका दुपारी एक वाजता मी तिथे पोचलो. माझ्यासोबत विद्यापीठाच्या प्रकल्पातून घेतलेला डीएसएलआर होता, म्हणजे कॅमेऱ्याची पेटी, दोन लेन्स, ट्रायपॉड, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि हे सगळे ठेवण्यासाठी मागच्या सीटवर राखून ठेवलेली जागा. माझी पीएचडीची विद्यार्थिनी सायली त्याच वस्तीवरची. ती सकाळपासूनच बारवेवर होती. तिच्याकडे साबणाच्या वडीएवढा एक चंदेरी कॉम्पॅक्ट कॅमेरा होता. लग्नांचे फोटो काढण्याचा धंदा सोडताना तिच्या मामाने तो तिला दिलेला.

‘मोबाइल नाही का तुझ्याकडे?’ मी विचारले.

‘आहे की, सर. पण मोबाइल दगडालासुद्धा गोरं करतो.’

मी हसलो नाही. विनोद चांगला होता, म्हणूनच हसलो नाही.

देवळीत अंधार होता आणि दगड खालच्या बाजूला आत झुकलेला होता. मी खडू भरला. तीन ओळी निघाल्या. शके १६९०, सर्वधारी नाम संवत्सर. त्याखाली विश्वजीतरावांच्या पूर्वजाचे नाव. त्याखाली ‘बारव बांधिली’. अंधारामुळे मी लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाशाचे छिद्र, पूर्ण उघडले, मधल्या ओळीवर फोकस साधला आणि छायाचित्रे घेतली. ती सुंदर आली. पांढरी अक्षरे तरंगल्यासारखी, भोवतीचा दगड मऊ धूसर. मी दगडाचे पोर्ट्रेट काढले होते. नंतर विश्वजीतरावांच्या घरी जेवण झाले, पुरणपोळी झाली, शाल झाली.

माझ्या अहवालावरून निकाल लागला. एप्रिलमध्ये बारवेला लोखंडी दार आणि कुलूप आले. जीर्णोद्धारही झाला. तीन ओळींत सोनेरी ऑइलपेंट भरण्यात आला, देवळीच्या तळाला सिमेंट करून फरशी बसवण्यात आली आणि दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागली. पाटीच्या शेवटी ‘शिलालेख वाचन : डॉ. श्रीरंग औंढेकर’. माझ्या एकाही ग्रंथावर माझे नाव इतक्या ठळक टाइपात छापले गेलेले नाही.

त्याच आठवड्यात सायलीचा फोन आला. ‘सर, माझ्या फोटोत खाली आणखी एक ओळ दिसतेय.’ मी तिला सांगितले की त्या टाकीच्या, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीच्या, खुणा आहेत. ‘एकदा बघता का?’ ‘पाठवून ठेव,’ मी म्हणालो. तिने पाठवले. मी ते उघडले नाही. मात्र उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवले.

उपयोग महिन्याच्या शेवटी झाला. विभागात क्षेत्रछायाचित्रणावर कार्यशाळा होती, साठेक विद्यार्थी होते, आणि खिशातला कॅमेरा विरुद्ध डीएसएलआर या विषयावर मी बोलणार होतो. पडद्यावर मी एकाच दगडाची दोन चित्रे शेजारी शेजारी लावली. डावीकडे सायलीचे, उजवीकडे माझे. सायली दुसऱ्या रांगेत बसली होती. मी तिचे नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती, कारण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या.

सेन्सर केवढा, लेन्स कुठली, रंगांची खोली किती, हे सारे मी सविस्तर सांगितले. मग म्हणालो, ‘थोडक्यात, डावीकडचा कॅमेरा बारशाला न्यावा, उजवीकडचा संशोधनाला.’

सभागृह हसले. माझे सहकारी मंदार जोशी मागून म्हणाले, ‘सर, बारशालासुद्धा नको. पोरगं ओळखू यायचं नाही!’ सभागृह पुन्हा हसले.

सायली उभी राहिली. ‘सर, डावीकडचा फोटो जरा वर सरकवाल? खालचा भाग दिसत नाही.’

‘खाली टाकीच्या खुणा आहेत, सायली.’

‘पण सर, हा मी खडूच्या आधी काढलाय. सकाळी आठला. ऊन तेव्हा बाजूनं येतं.’

‘आपल्याला जे दिसावे असे वाटते तेच दिसणे,’ मी विद्यार्थ्यांकडे वळून म्हणालो, ‘याला संशोधनात एक गंभीर व्याधी मानतात. आपल्या घरचा प्रश्न गुंतलेला असेल तर ती अधिकच बळावते.’

ती खाली बसली. काही विद्यार्थ्यांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतले.

रविवारी सकाळी, शहरात उस्मानपुऱ्यातल्या घरी, या व्याख्यानाचा लेख करायला बसलो. दोन चित्रांखाली ओळी लिहायच्या होत्या. सायलीच्या चित्रातला नेमका किती तपशील हरवला आहे, हे आकड्यात सांगावे म्हणून मी ते प्रथमच पूर्ण उघडले आणि मोठे केले.

चित्रात धूळ होती, पिवळसर छटा होती, कडा थोड्या वाकल्या होत्या. पण लहान सेन्सरचा एक गुण असतो, जो मी सभागृहात सांगायचा विसरलो होतो. त्याला जवळचे आणि मागचे एकदमच स्पष्ट दिसते. दगड आत झुकला होता तरी वरच्या कडेपासून तळापर्यंत तो सारखाच स्पष्ट होता. तिरप्या उन्हाने प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली धरली होती. आणि तिसऱ्या ओळीखाली, बारीक हाताने, चौथी ओळ होती : ‘पाणी अवघ्यांस मोकळे, कोणी मना न करावे.’

मी माझे चित्र उघडले. त्या जागी, फोकसच्या बाहेर, मऊ, महागडी धूसरता होती.

उमा चहा घेऊन आली. ती माझी पत्नी, आणि माझ्या चेहऱ्याची तिच्याइतकी जुनी वाचक दुसरी कोणी नाही. ‘काय झालं? दुसऱ्यांच्या प्रबंधांवर लाल पेन फिरवताना असा चेहरा नसतो तुमचा.’

मी तिला दाखवले. तिने चष्मा वर करून ओळ वाचली. तिला शिलालेखांचे शिक्षण नाही. पाच सेकंद लागले.

‘मग फोन करा की तिला.’

‘करतो.’

‘आत्ता करा.’

‘अगं, हे इतकं सोपं नसतं. आधी पडताळणी करावी लागते, दुसरं मत घ्यावं लागतं.’

‘दार लावलं तेव्हा कुणाचं दुसरं मत घेतलं होतं?’ असे म्हणून ती कप ठेवून गेली.

मी फोन केला नाही. मी एकदाही असे ठरवले नाही की गप्प बसायचे. माझ्यासारखी माणसे असे काही ठरवत नाहीत. आम्ही फक्त पडताळणी करीत राहतो. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचे पत्र आले. सायलीच्या घरच्यांनी छायाचित्र जोडून अर्ज दिला होता आणि त्यावर अभिप्राय मागवला होता. मी दोन ओळींत उत्तर दिले : ‘सोबतचे छायाचित्र साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने घेतलेले असून त्याची गुणवत्ता निर्णायक मत देण्यास पुरेशी नाही.’ या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते तीनदा वाचून पाहिले, कारण खोटे लिहिण्याची मला लाज वाटली असती.

मेच्या मध्यावर ग्रामसभा भरली. मला न्यायला विश्वजीतरावांची गाडी आली आणि मी तिच्यात बसलो.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. खुर्च्या समोरच्या रांगेत, सतरंज्या मागे. बायका उभ्याच होत्या. ग्रामसेवकाने अर्ज वाचला, मग माझे पत्र वाचले. विश्वजीतराव समाधानाने म्हणाले, ‘संपला विषय. सरांनी लेखी दिलंय.’

सायलीने वाद घातला नाही. शहरात गुलमंडीतल्या एका स्टुडिओतून तिने तो फोटो मोठा करून आणला होता; प्रत्येक रांगेत एकेक प्रत दिली. एक मलाही दिली, जशी सर्वांना दिली तशीच. तिचे वडील बद्रीनाथ यांनी चष्मा लावला, फोटो मांडीवर ठेवला आणि ओळीवर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखे, मोठ्याने वाचू लागले. ‘पा… णी… अव… घ्यांस…’ मागून दोघे-चौघे त्यांच्या पुढे गेले. वाचता येणारा जो तो वाचू लागला. माझी तीस वर्षांची विद्या त्या मांडवात दोन मिनिटांत सार्वजनिक झाली.

‘फोटो काय, आजकाल काहीही करता येतं,’ विश्वजीतराव म्हणाले. ‘साधा कॅमेरा आहे तो. सरांचा कॅमेरा बघा केवढा होता! सर, तुम्हीच सांगा ह्यांना.’

सायलीची आई सरूबाई बायकांतून पुढे आली. डोक्यावरची चुंबळ तशीच होती. कुठे पाणी आणायला जायचे होते, किंवा तिथूनच आली होती.

‘सर, तुम्ही शिकलेलं मानूस. ही वळ हाय का नाय, येवढंच सांगा. दुसरं काई इचारत नाय.’

मी म्हणालो, ‘आहे.’

विश्वजीतरावांनी माझ्याकडे पाहिले. ‘सर, पत्रात तर तुम्ही…’

‘पत्रात मी कॅमेऱ्याबद्दल लिहिले होते. ओळीबद्दल लिहायचे टाळले होते. ओळ खरी आहे. तुमची फरशी काढली तर दगडावरही सापडेल.’

मला वाटले, आता गलका होईल. झाला नाही. सरूबाई माझ्यापुढेच उभी होती.

‘तुमाला कवापासून दिसतीय?’

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. विद्वत्सभेत असा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे काय दिसले ते विचारतात, कधी दिसले ते विचारत नाहीत.

‘सतरा दिवस झाले,’ मी म्हणालो.

‘सतरा दिवस,’ ती मागे वळून बायकांना म्हणाली. ‘आपून खालच्या मळ्यातून पानी वाहून ऱ्हायलो, अन् ह्येंच्या घरी वळ हुती.’

कोणी शिवी दिली नाही. एका म्हातारीने विचारले, ‘मंग हे बोलले का नाय?’ आणि दुसरीने उत्तर दिले, ‘पाटीवर नाव हाय ना त्येंचं.’ इतक्या थोडक्या शब्दांत माझे परीक्षण आजवर कोणी लिहिलेले नाही.

दगड म्हणेल ते, अशी सह्यांची बोली होती आणि पहिली सही विश्वजीतरावांची होती. ते चिडले, ओरडले, वकिलाचे नाव काढले. पण पटांगणातली अर्धी माणसे त्यांच्याच भावकीतली होती आणि त्यांच्याही हातात फोटो होता. शेवटी किल्ली ग्रामसेवकाच्या टेबलावर आली. बायका ठराव लिहून होईपर्यंत थांबल्या नाहीत.

मी सायलीला मांडवाबाहेर गाठले. काहीतरी भरपाई करावी असे वाटत होते, आणि मला येणारी भरपाई एकच. ‘सायली, यावर आपण निबंध लिहू. दोघांच्या नावाने. तुझे नाव आधी.’

तिने कॅमेरा पर्समध्ये ठेवला. ‘नको, सर.’

‘का? हा तुझा शोध आहे.’

‘म्हणूनच. तुमच्या नावाशेजारी नको.’ मग, बहुधा संस्कारांमुळे, तिने आवाज खाली घेतला. ‘गाइड बदलायचा फॉर्म आणलाय मी. सही लागेल तुमची. विद्यापीठात येऊन घेऊ, का इथंच करता?’

मी तिथेच केली. तिच्याच पेनने, शाळेच्या भिंतीवर कागद ठेवून. ‘कारण’ या रकान्यात तिने ‘वैयक्तिक’ एवढेच लिहिले होते. दुसरे कोणतेही कारण लिहिण्याचा तिला हक्क होता.

परतायला गाडी नव्हती; विश्वजीतरावांचा ड्रायव्हर कधीच निघून गेला होता. बद्रीनाथ म्हणाले, ‘सर, म्या सोडतो लासूरपस्तोर. गाडीवर बसता येतं ना?’ या माणसाच्या बायकोने सतरा दिवस पाणी वाहिले होते आणि तो मला मोटारसायकलवर बसता येते का याची काळजी करीत होता. मी त्यांच्यामागे बसलो. रस्ता बारवेवरून जात होता. दार सताड उघडे होते, पायऱ्यांवर हंडे आणि कळशा, लुगड्यांचे काचे, पोरांचा ओरडा. बद्रीनाथांनी गाडी थांबवली.

‘सर लई येळचं उन्हात हायत. पानी द्या कोनी.’

मी म्हणालो, नको, स्टेशनवर पिईन. सरूबाईने पायरीवरून मान वर केली, तांब्या भरला आणि शेजारणीच्या हातात दिला. ‘दे गं त्यास्नी. मना करायचं नाय म्हनं कोनाला.’

बायका हसल्या. मोकळे, पोट धरून हसल्या. हसता हसता एकीची कळशी पायरीवरून घरंगळली आणि सगळ्या तिच्यामागे ओरडू लागल्या. शेजारीण तांब्या घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी गाडीवरून उतरलो, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, प्यायलो.