कवडीचा थांबा

पंचवटीत देव दाखवायचा धंदा मी उभी जवानी केला आणि एकाही देवाच्या पाया पडलो नाही. कुणाला खटकत असेल तर खटकू द्या. छप्पन साली आमच्या घरानं देव सोडले, बुद्धाला वंदन केलं, पण भाकरी मात्र देवांच्याच दारात राहिली, त्याला मी काय करू? यात्रेकरूंना दर्शनाला आत पाठवायचं आणि आपण बाहेर घोडीपाशी बिडी ओढत उभं राहायचं. माझं नाव झुंबर, घोडीचं कवडी. तिच्या कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका होता.

फेरी ठरलेली असायची. कारंजावरच्या स्टँडवरून निघून आधी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, रामकुंडाला. मग कपालेश्वर. तिथं समोर नंदी नाही, म्हातारी माणसं हटकून विचारतात का नाही, तर सांगायचं की शंकरानं नंदीला गुरू केलं, आता गुरूला समोर कसा बसवणार. मग नारोशंकराची घंटा, गोराराम, सीतागुंफा. गुंफेत वाकून शिरावं लागतं, जाडी माणसं दारातच देवाला आठवतात. पुढे पाच वड, मग काळाराम, आणि शेवटी तपोवन, जिथं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणतात. अशी आठ ठिकाणं. सगळे टांगेवाले आठच दाखवायचे. मी नऊ दाखवायचो.

नववी जागा काळारामाच्या मागच्या अंगाला, दरवाजासमोरच्या कडुलिंबाखाली. तिथं देऊळ नाही, पाटी नाही, काही नाही. तिथं माझे वडील बसायचे.

आबांचं नाव पुंजाराम. तीस साली बाबासाहेबांची हाक आली तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलेलं. चारी दरवाजांपुढं माणसं बसली, बाया बसल्या, त्यांत आबा या दरवाजापुढं. आम्हाला आत येऊ द्या, एवढंच मागणं. दरवाजे बंद. रामनवमीच्या सुमारास रामाचा रथ ओढण्यावरून दंगल झाली, दगड आले, त्यातला एक आबांच्या कपाळावर बसला. भुवईच्या वर ती खूण शेवटपर्यंत होती. वर्षानुवर्षं चाललं ते, पण दार काही उघडलं नाही.

पुढं देश स्वतंत्र झाला, कायदे झाले, दार उघडलं. आबा गेले नाहीत. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "आता तर घेतात की आत. बघून येऊ या का?" तर म्हणाले, "तेव्हा ते घेत नव्हते म्हणून बाहेर बसलो. आता मी जात नाही म्हणून बाहेर बसतो. दोन्हीत फरक आहे, बाळा." आणि खरंच बसायचे. मनमाडच्या रेल्वेच्या नोकरीतून सुट्टीला आले की, आणि नोकरी संपल्यावर तर रोज दुपारी त्या कडुलिंबाखाली, पांढरा फेटा बांधून, फडक्यात अर्धी भाकर घेऊन. माझा टांगा आला की उठायचे, कवडीला भाकर भरवायचे, मानेवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चल गं कवडी." तेवढ्या वेळात मी यात्रेकरूंना ही जागा काय आहे ते सांगून टाकायचो. कुणी ऐकायचं, कुणी तोंड फिरवायचं. अमळनेरकडचा एक म्हातारा उतरून आबांच्या पाया पडायला गेला, तर आबांनी पाय मागं ओढले आणि त्याला शेजारी बसवून घेतलं.

आबा एका हिवाळ्यात गेले. सगळं उरकून मी परत टांगा जोडला, तर कवडी त्या कडुलिंबापाशी आपली आपण थांबली आणि मान वळवून बुंध्याकडं बघत उभी राहिली. टांग्यात माणसं होती तरी मला रडू फुटलं, लपवत नाही. दुसऱ्या दिवसापासून बैठकीखालच्या पेटीत मी भाकर ठेवायला लागलो. आधी सगळं सांगायचं, मग भाकर, मग "चल गं कवडी." याशिवाय ती तिथून हलत नसे. चाबूक मी तिला कधी लावला नाही.

आता गोरक्षनाना. स्टँडचे मुकादम. कुणाचा नंबर कधी, ते त्यांच्या हातात. माणूस तसा वाईट नव्हता, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. वाईटच होता, पण बोलायला गोड. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात कुणीतरी यात्रेकरूनं त्यांच्याकडं तक्रार केली, की तुमचा टांगेवाला देवदर्शनाला आलेल्या माणसांना भलतंच ऐकवतो. नानांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं.

"झुंबर, लोक पुण्य घ्यायला येतात. तू त्यांना दगडधोंडे कशाला दाखवतोस?"

"दगड मी नाही मारले, नाना. फक्त कुठं पडले ते सांगतो."

"जुनी मढी उकरू नकोस. झालं गेलं गंगेला मिळालं."

"कुणाचं मिळालं? आमच्या आबांचं नाही मिळालं."

नाना हसले. त्यांचं ते हसणं माझ्या डोक्यात जायचं. म्हणाले, "आठ ठिकाणं दाखवायची. नववं बंद. नाहीतर तुझा नंबर बंद."

"मी नाही थांबत," मी म्हणालो. "पण घोडी थांबते. तिला तुम्ही समजावून सांगा."

स्टँडवरचे सगळे हसले. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. नुसती बाचाबाची झाली असती तर नाना एखाद्या महिन्यानं विसरले असते, पण चारचौघांत झालेलं हसं माणूस विसरत नाही. दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर लागेना. सगळे टांगे जाऊन येत, मी आणि कवडी कारंजाशी उभे. घरी बायको, सुमन, म्हणाली, "माफी मागून टाका, तोंडाला काय भोकं पडतात का?" मी म्हणालो, "तोंडाला नाही पडत, बाकी सगळीकडं पडतात." तीही आबांची सून होती. सातपूरला तिच्या भावाच्या ओळखीनं एका कारखान्यात हेल्परची जागा होती, त्या जागेसाठी भावाला निरोप तिनंच पाठवला.

कारखान्यात पाळीवर जायचं म्हणजे घोडी सांभाळणार कोण? चारा आणायचा कुठून? विकावी लागली. आणि घेणारा कोण निघावा, तर गोरक्षनाना. कवडी स्टँडवरची सगळ्यात देखणी आणि शांत घोडी होती, त्यांचा डोळा आधीपासून होता. शिवाय झुंबरची घोडी आपल्या टांग्याला, ही मिजास वेगळीच. मी खोटं बोललो नाही. सांगितलं, "नाना, घोडी गुणाची आहे, पण फेरी तिला पाठ आहे. जिथं थांबायचं तिथं थांबते."

"मग तर सोन्याहून पिवळं," नाना म्हणाले. "मला लगामसुद्धा धरायला नको."

भाकरीचं मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

सातपूरला मी मशीनपाशी रुळलो. टांगा, स्टँड, सगळं मनातून काढून टाकलं होतं. पावसाळा सरला आणि एक दिवस सुमन बाजारातून आली ती हसावं की चिडावं अशा चेहऱ्यानं. म्हणाली, "ऐकलंत का, तुमच्या कवडीनं म्हणे सीतामाईची जागा शोधून काढली."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. कवडी नानांच्या टांग्यालाही कडुलिंबापाशी थांबायला लागली. हाकललं, मारलं, हलेना; बराच वेळ वाट बघून मग कुठं आपली आपण निघायची. यात्रेकरू विचारायचे, इथं काय आहे? नाना म्हणायचे, काही नाही. तर लोक म्हणायचे, काही नाही तर मुकं जनावर का थांबतं? त्याला दिसत असणार. बाया उतरून हात जोडायला लागल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे नाना एक दिवस बोलून गेले, की इथं सीतामाईच्या पायात काटा मोडला, रामानं इथं बसून काढला. झालं. आता तिथं शेंदूर लावलेला दगड होता, हळदकुंकू होतं, नारळ फुटत होते. सगळे टांगेवाले तिथं थांबायला लागले होते. नववं ठिकाण चालू झालं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर घेतला, घोडी घेतली, ते मी गिळलं होतं. पण आबा जिथं शेवटपर्यंत आत न जाता बसले, तिथंच काटा? आणखी दोन वर्षांनी कुणाला सांगायला गेलो, इथं माझा बाप बसायचा, तर लोक मलाच वेड्यात काढतील. खोटं एकदा शेंदरात बसलं की त्याला खरवडून काढणं कठीण, एवढं मी देवांच्या दारात उभा राहून शिकलो होतो.

सुट्टीच्या दिवशी सुमननं न विचारता भाकर बांधून दिली. मी सायकल काढली आणि कडुलिंबाखाली जाऊन आबांच्या जागेवर बसलो. शेजारी तो शेंदऱ्या. आम्ही दोघं वाट बघत बसलो.

दुपार कलली तसा नानांचा टांगा आला. टांग्यात निफाडकडच्या चार बाया, त्यांत एक म्हातारी, लंकाबाई म्हणत होत्या तिला. कवडी थांबली. मला बघून तिनं कान टवकारले. नानांनीही बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवून सुरुवात केली, "ही जागा बरं का, सीतामाईच्या पायात..."

"पंचवटीतला काटा मीसुद्धा बघितलाय, आजी," मी उठून म्हणालो. "पण तो सीतामाईच्या पायात नव्हता."

आणि सगळं सांगितलं. बंद दरवाजे, बसलेली माणसं, रथ, दगड, आबांचं कपाळ. आवाज चढवला नाही. नाना मधे म्हणाले, "याच्याकडं लक्ष देऊ नका, हा कामावरून काढलेला माणूस आहे." आणि कवडीला चाबूक मारला. ती जागची हलली नाही. परत मारला. मागं दुसरे दोन टांगे येऊन अडकले, एक रिक्षा भोंगा वाजवायला लागली.

"मारू नका तिला," लंकाबाई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बाबा, मी आत्ता या दगडाला कुंकू लावणार होते. खरं काय ते यांनी सांगावं. घोडी यांची आहे."

सगळे नानांकडं बघायला लागले. मी फडकं सोडलं आणि भाकर हातात धरली. कवडीनं मान लांब केली. मी हात मागं घेतला.

"हिला सवय आहे, नाना. आधी सांगायचं, मग भाकर. त्याशिवाय ती जात नाही. माझं सांगून झालं. पण आता टांगा तुमचा आहे, तेव्हा तुम्ही सांगा."

"झुंबर, लोक बघतायत," नाना हळूच म्हणाले.

"म्हणून तर."

मागची रिक्षा भोंगा वाजवतच होती. एक टांगेवाला ओरडला, "नाना, काय ते उरका, फेरी बुडते." नानांनी कपाळ पुसलं. कवडीकडं बघितलं, तिच्यावर त्यांचा काही इलाज नव्हता. मग खाली मान घालून म्हणाले, "इथं माणसं बसली होती. देवळात घेत नव्हते म्हणून."

"कोण माणसं?" मी विचारलं.

"तुमची."

"माझ्या बापाचं नाव काय?"

नानांना ठाऊक होतं. त्यांनी आबांना तिथं वर्षानुवर्षं बघितलं होतं, येता-जाता रामराम केला होता. "पुंजाराम," ते म्हणाले. "पुंजाराम बसायचे इथं. काटाबिटा काही नाही."

मी भाकर पुढं केली. कवडी खायला लागली, तिच्या मानेवर चाबकाचे वळ होते, त्यावरून मी हात फिरवला. लंकाबाईनं हातातलं कुंकू परत पुडीत बांधलं.

"आणि तो दगड उचला, नाना. या जागेवर एक दगड येऊन गेलाय, तेवढा पुरे झाला."

"मीच उचलू?"

"तुम्हीच ठेवलात ना?"

नाना उतरले. शेंदरानं हात माखले, धोतराला लागला. दगड उचलून त्यांनी टांग्यात पाय ठेवायच्या फळीवर ठेवला. बायांनी पाय वर घेतले. मी आबांसारखीच थाप मारली आणि म्हणालो, "चल गं कवडी."

ती लगेच निघाली. मागचे टांगे निघाले, रिक्षा गेली. मी कडुलिंबाखाली परत बसलो, कारण पुढचा टांगा थांबेल तेव्हा तिथं कुणीतरी असायला हवं होतं.